पिमेंटो चीज नक्की कुणाचं?

मास्टर्स या गोल्फ स्पर्धेचा आठवडा आला की अभ्याच्या अंगात अमेरिकेचं साऊथ, म्हणजे दक्षिणेकडची राज्यं, संचारतं. शनिवारी ग्रोसरीबाहेरच्या कट्ट्यावर तेच सुरू, म्हणे स्पर्धेच्या गावी, जॉर्जियातल्या ऑगस्टाला, हिरव्या वेष्टनातलं दीड डॉलरचं पिमेंटो चीज सँडविच ज्याने खाल्लं नाही त्याने बोलूच नये, पिमेंटो चीज, म्हणजे चीजमध्ये लाल गोड मिरची कालवलेलं ते सारण, ही जॉर्जियाच्या आज्यांची पिढीजात रेसिपी.

"कुठली आजी?" सुनीताताईंनी पिशवी खाली ठेवली. "ते न्यू यॉर्कचं आहे."

"काहीही काय ताई!"

"अरे, क्रीम चीज 1870 च्या दशकात न्यू यॉर्क राज्यात सुरू झालं, लाल गोड मिरची, म्हणजे पिमेंटो, स्पेनहून डब्यात यायची. दोन्हीची फॅशन, म्हणून एकत्र आली. 1908 ला गुड हाउसकीपिंग मासिकात रेसिपी छापलीये, मोहरी घालून. चेडर चीज, मेयोनीज सगळं मागाहून."

नित्या लगेच, "म्हणजे अभ्यासारखंच, उत्तरेच्या न्यू जर्सीहून येऊन इथलं झालं!"

अभ्याचं तोंड उतरलं, "मग साऊथचं काय राहिलं त्यात?"

इथे मात्र मला राहवेना. अरे सगळं राहिलं! जॉर्जियातल्या ग्रिफिनच्या शेतकऱ्यांनी स्पेनचं बी आणून इथे मिरची पिकवली, ती भाजून साल काढायचं मशीन काढलं, डबे भरले, म्हणून ती गरिबाच्या घरात पोचली. साऊथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला युजीनिया ड्यूक बाई 1917 पासून लष्करी कॅम्पातल्या सैनिकांना सँडविच विकत होत्या, दुकानात मिळतो तो ड्यूक्स मेयो त्यांचाच. उत्तरेतले विसरून गेले, इथल्यांनी जपलं. जो जपतो त्याचं, माझं तरी ठाम मत आहे.

"पण ओरिजिनल तर नाही ना," अभ्या चिकटलेलाच.

"एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातोस?" ताई. "साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळी पोर्तुगीजांच्या वगैरे जहाजातून अमेरिकेकडून आलेली. विठोबाने कधी पासपोर्ट मागितला?"

यावर अभ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने विषय बदलला, की ताईंचं पिमेंटो चीज भारी लागतं ते कसं. तर ताई म्हणाल्या, चेडर हातानेच किसायचं, पाकिटातल्या किसाला स्टार्च लावलेला असतो, मिळून येत नाही.

"तुला कशाला किसायचंय," नित्या म्हणाला, "गणपतीच्या पॉटलकला, जिथे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, तिथे विकतचा डबा स्टीलच्या भांड्यात ओतून घरचं म्हणून आणलास, आणि डबा आमच्याच कचऱ्यात टाकलास, किमतीच्या स्टिकरसकट!"

अभ्या म्हणे तो डबा बायकोने टाकला. त्यावर ताई इतक्या हसल्या की पिशवीतली कोथिंबीर रस्त्यावर.