अपघातानंतरच्या एमआरआयवरून पीटीएसडीचं भाकीत करता येत नाही

‘अपघातानंतर पंधरा दिवसांत मेंदूचा एमआरआय काढा. धक्क्याने हिपोकॅम्पस आकसलेला किंवा अमिग्डाला भडकलेला दिसला, तर पुढे पीटीएसडी होणारच,’ असा दावा सर्रास फिरतो आहे. तो टिकत नाही. (पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगाच्या मानसिक आघातानंतर जडणारा, टिकून राहणारा आजार. हिपोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी, तर अमिग्डाला भीतीशी जोडलेला भाग.)

आधी हिपोकॅम्पस. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या जेरुसलेममधल्या अभ्यासात, आघातातून वाचलेल्या ३७ जणांचे एमआरआय पहिल्या आठवड्यात आणि सहा महिन्यांनी काढले. १० जणांना पीटीएसडी झाला. त्यांच्या आणि उरलेल्या २७ जणांच्या हिपोकॅम्पसच्या आकारात दोन्ही वेळा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांची आणि त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांची तुलना झाली. तीव्र पीटीएसडी असलेल्या सैनिकांचे जे भाऊ लढाईवर गेलेच नव्हते, त्यांचाही हिपोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे निदान या सैनिकांत तरी तो आधीपासूनच लहान असावा.

अमिग्डालाच्या दाव्याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या ‘ऑरोरा’ प्रकल्पात वाहन अपघातानंतर दोन आठवड्यांनी फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती सक्रिय होतो हे दाखवणारा एमआरआय, केला. यंत्रात असतानाच घाबरलेले आणि निर्विकार चेहरे दाखवले, बक्षिसाचा खेळ दिला, ठरावीक खुणेला बटण न दाबण्याचं काम दिलं. धोका आणि बक्षीस या दोन्हींना मेंदूचा प्रतिसाद जोरदार, पण स्वतःला रोखताना क्षीण, अशा गटात पुढच्या सहा महिन्यांत लक्षणं जास्त दिसली (२०२१). मात्र तेल अवीवमध्ये १३० जणांवर, आघातानंतर महिन्याभराने अशीच पडताळणी केली, तेव्हा तेच गट जुळले नाहीत आणि गटांचा पीटीएसडीच्या लक्षणांशी संबंधही सापडला नाही (२०२३). हे सगळं गटांच्या सरासरीचं संशोधन आहे; एकट्या रुग्णासाठी ‘इथून पुढे धोका’ अशी रेघ कुणीही ठरवलेली नाही. शिवाय डायग्नोस्टिक सेंटरमधला नेहमीचा एमआरआय रक्तस्राव, सूज, गाठ दाखवतो. अमिग्डाला किती ‘भडकला’ हे त्यात दिसतच नाही. (डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठा. ती तपासणी वेगळ्या कारणासाठी असते.)

‘होणारच’ हा शब्द तर फारच घातक. सहा देशांतल्या २,४७३ जणांची माहिती २०१९ मध्ये एकत्र केली, तेव्हा पुढे पीटीएसडी आढळला ११.८ टक्क्यांना. समजा, ८० टक्के अचूक चाचणी मिळाली. दर १०० जणांतल्या १२ खऱ्या रुग्णांपैकी ती साधारण १० पकडेल, पण उरलेल्या ८८ पैकी १८ जणांनाही उगाच धोक्याच्या यादीत टाकेल. त्याच अभ्यासात सुरुवातीच्या लक्षणांची तीव्रता विचारून पुढच्या धोक्याचा उपयुक्त अंदाज आला. त्यासाठी मुलाखत पुरते.

पहिल्या महिन्यात झोप उडणं, दचकणं, प्रसंग डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांत ओसरतं. प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला भाग पाडू नका. या काळातल्या आघाताच्या लक्षणांवर अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. महिना उलटूनही वाईट स्वप्नं, त्या रस्त्याने जाणं टाळणं, सतत सावध राहणं चालूच असेल आणि कामधंदा अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) हे परिणामकारक उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर महिनाभर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.