वॅट नकोत, सोळा गप्प चॅनल द्या!

मला ॲम्प्लिफायरचे सोळा चॅनल हवेत. सोळा वेगवेगळे, प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा आवाज. एवढं एक वाक्य दोन महिने झाले मी दुकानांत सांगतोय, फोनवर सांगतोय, ओळखीच्या साउंडवाल्यांना सांगतोय, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: "किती वॅट पाहिजे?" अरे, वॅटचं मी विचारलंच नाहीये!

काम असं आहे. गेल्या वारीत एका दिंडीतल्या टाळकऱ्यांचा आवाज मी एकेकाचा वेगळा टिपला, प्रत्येकाच्या सदऱ्याला छोटा माइक लावून. आता एका रिकाम्या हॉलमध्ये दोन रांगांत सोळा स्पीकर उभे राहणार, माणसाच्या छातीच्या उंचीवर. ऐकणाऱ्याने मधून चालत जायचं. डावीकडच्या तिसऱ्या टाळकऱ्याजवळ थांबलात की त्याचाच टाळ, त्याचाच खाकरा, त्याचाच जरासा मागे राहिलेला सूर. मग अभंग संपतो आणि मिनिटभर नुसती पावलं ऐकू येतात. डांबरावर घासणाऱ्या चपला. सगळ्या कामाचा जीव त्या मिनिटात आहे. आणि नेमकं त्याच मिनिटात सोळाही स्पीकर सूऽऽ करत बसले तर मी तिथे काय ऐकवणार?

पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका दुकानदाराला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, एका मोठ्या ॲम्प्लिफायरवर सोळा स्पीकर जोडून देतो की! शंभर व्होल्टची लाइन टाकू." म्हणजे सोळा स्पीकरांतून एकच आवाज. लग्नाच्या हॉलला ते ठीक आहे, माझी दिंडी तिथेच मेली. दुसऱ्याने विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीसाठी असतो तसला राक्षस दाखवला. आपला सगळा बाजार त्या भिंतीभोवतीच उभा आहे. छाती हादरली पाहिजे, बाकी काही विचारू नका.

आणि जे वॅट छापतात ते तरी खरे असावेत ना! लहानपणी घरोघरी '2000 वॅट पीएमपीओ' (म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे होते, मागची वायर बुटाच्या नाडीएवढी. तोच खोटेपणा आजही चालू आहे. टीपीए3116 या ॲम्प्लिफायर चिपचा बोर्ड घ्या. स्वस्त आहे, चिप चांगली आहे, माझा राग चिपवर नाही. बोर्डवर लिहिलंय 50+50 वॅट, म्हणजे दोन चॅनल. आता माझे स्पीकर 8 ओहमचे. 24 व्होल्टवर 8 ओहमला न फाटता मिळणारी ताकद फार तर 36 वॅट. 24 चा वर्ग 576, भागिले 8 ओहमची दुप्पट, म्हणजे 16. शाळेतलं गणित आहे. 12 व्होल्टचा ॲडॉप्टर लावलात तर 9 वॅट. तो 50 चा आकडा 4 ओहमचा आहे, आणि तोही आवाज पार फाटलेला चालत असेल तर. हे बोर्डवर कुठेही लिहिलेलं नाही. असे आठ बोर्ड म्हणजे कागदावर 800 वॅट, म्हणजे 24 व्होल्टवर 33 अँपिअरच्या वर. आणि सोबत विकतात 10 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, "पुरेल हो" म्हणत.

मला पुरलाही असता, कारण मला 800 वॅट नकोतच! स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 87 डेसिबल देतो. 8 वॅटला 96. हाताच्या अंतरावर वाजणाऱ्या टाळाला ते भरपूर झाले. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल. मग मला काय कळायला हवं होतं? काहीच वाजत नसताना बोर्ड किती सू करतो, सगळे चॅनल एकदम चालले तर काय होतं, इनपुट बॅलन्स्ड, म्हणजे तारेत शिरलेली घरघर कापणारं, आहे का. या तीनपैकी एकाचंही उत्तर कुठल्याही खोक्यावर नसतं. विकत घ्या, जोडा, रडा.

मी रडलो. आठ बोर्ड आणले, रात्री जोडले, सिग्नल न देता चालू केले. हॉलमध्ये गॅस गळतोय असं वाटलं. कारण शोधलं तर या चिपला गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते, चार पायऱ्यांत ठेवता येतो: 20, 26, 32 नाहीतर 36 डेसिबल. बोर्ड बनवणाऱ्याने वरची पायरी ठेवलेली, म्हणजे दुकानात मोबाइल लावला की दणकन वाजावं आणि गिऱ्हाइकाने खूश व्हावं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक रेझिस्टर चिमट्यात धरून मी एकेक बोर्डाचा गेन 20 वर आणला. दोन रात्री गेल्या.

सू कमी झाला तशी खालून शिट्टी वर आली. प्रत्येक बोर्ड आपापल्या तालात सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, एक 400 किलोहर्ट्झला, शेजारचा 402 ला, आणि मधला 2 किलोहर्ट्झचा फरक स्पीकरमधून कानात. बोर्ड तापले की शिट्टीचा सूर सरकत जातो. सगळ्या चिपांनी एकाच तालात चालावं याची सोय चिपमध्ये दिलेली आहे! एक मुख्य, बाकीच्या तिच्यामागे. पण स्वस्त बोर्डवर ती पिन बाहेर काढतच नाहीत. किती पैसे वाचले असतील?

आणि कपॅसिटर. बोर्डवर छापलंय '24 व्होल्ट चालेल', आणि त्याच बोर्डवरच्या कपॅसिटरच्या अंगावर छापलंय 25 व्होल्ट, म्हणजे त्याची कमाल. एसएमपीएस जरासा वर सरकलेला, बाहेर मे महिना. तिसऱ्या दिवशी एकाचं डोकं पुरीसारखं फुगलं आणि हॉलभर जळका वास. दुकानदार म्हणतो, "इलेक्ट्रॉनिक्सला गॅरंटी नसते." का नसते? मी पैसे मोजून दिले होते.

दुसरे मार्ग नाहीत असं नाही. चार चॅनलचे रॅकवाले ॲम्प्लिफायर भाड्याने आणून पाहिले. त्यांचे पंखे माझ्या पावलांपेक्षा मोठ्याने चालतात. घरभर गाणी वाजवायला करतात तसला बारा चॅनलचा ॲम्प्लिफायर एका मित्राने दिला. आवाज स्वच्छ, अगदी हवा तसा. पण सिग्नल बारीक झाला की तो झोपतो, आणि जागा होईपर्यंत पहिल्या टाळाचा ठोका गिळतो. झोप बंद करायचं बटण नाही. होम थिएटरच्या बहुतेक नव्या रिसीव्हरला चॅनल वेगवेगळे आत घ्यायला मागे जागाच ठेवलेली नसते, सगळं एका एचडीएमआयमधून.

वर लोक मला म्हणतात, "हे काय नवीन खूळ?" नवीन? पॅरिसमध्ये संगीतकार फ्रान्स्वा बेल यांनी ॲकुस्मोनियम उभं केलं 1974 मध्ये, स्पीकरांचा अख्खा वाद्यवृंद! आणि त्याच वर्षी अमेरिकेत नियम आला की घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट सांगताना सतत वाजतानाचेच सांगायचे, आणि किती ओहमला, किती फाटण्यावर, हे सांगावंच लागेल. पन्नास वर्षं झाली. आपल्याकडे आजही कुणीही वाट्टेल तो आकडा छापतो, आणि फुगलेला कपॅसिटर माझ्या हातात येतो.

ज्या वारकऱ्याने मला सदऱ्याला माइक लावू दिला, तो म्हणाला होता, "माउली, आमचा आवाज नीट जाऊ द्या." मला ते नीट करायचंय. त्यात शिट्टी नको आहे, पंखा नको आहे.

आज रात्रीपर्यंत सोळापैकी अकरा चॅनल खरोखर गप्प आहेत. पाच अजून शिट्टी मारतायत. उद्या सकाळी परत तपकीर गल्ली, तीन बोर्ड. एसएमपीएस आणि स्पीकर घरून नेणार आहे. दुकानातच जोडून, स्पीकरला कान लावून ऐकल्याशिवाय एक रुपया देणार नाही.