नातू बांधून घेण्याविषयी काही आक्षेप

बाळाला अंगावर बांधून घेण्याचे साधन निवडायचे असेल, तर घरातल्या कोणत्या माणसाला त्याविषयी विचारायचे नाही हे आधी पक्के करावे लागते, आणि आमच्या घरात एकमताने ठरलेला तो माणूस म्हणजे मी. वास्तविक दुपारभर बाळ माझ्याच अंगावर असणार होते. सूनबाई बँकेत, चिरंजीव त्यांच्या कामावर, हिच्या गुडघ्यांनी जिन्याशी उभा दावा मांडलेला. राहता राहिला निवृत्त आजोबा. बाबागाडी घ्यावी, तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत एका अंगाला नाली, दुसऱ्या अंगाला स्कूटरी आणि मधोमध गाय, अशी नगररचना आहे. महालेखाकार कार्यालयात हयात गेल्यामुळे खरेदी होऊन गेल्यावर तिच्यावर आक्षेप काढण्याची मला सवय होती. खरेदीच्या आधीच आक्षेप काढण्याची सोय नोकरीत कधी मिळाली नाही, ती मी सोडणार नव्हतो.

घरातला पहिला प्रस्ताव हिचा होता आणि तो बिनखर्ची असल्यामुळे मला भावलाही. ‘‘सासूबाईंनी तुमच्यासकट पाच जण जुन्या लुगड्यात वागवले. त्यांना कुठे बक्कल लागलं होतं?’’ असे विचारून हिने, ग्वाल्हेरच्या मराठी घरात अशा प्रसंगी निघायलाच हवे ते, राणीसाहेबांचे नाव काढले. राणीची समाधी इथेच फूलबागेत असल्यामुळे पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेली लक्ष्मीबाई ही आमच्याकडे इतिहासातली व्यक्ती नसून शेजारीण आहे, आणि शेजारणीचे दाखले सर्वत्र दिले जातात तसेच तिचेही दिले जातात. राणीविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु दामोदररावांचे दत्तकविधान १८५३ सालचे आणि तेव्हाच ते चांगले चालते-बोलते होते. म्हणजे १८५८ मध्ये झाशीचा किल्ला सोडला तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असणार आणि वजन वीस किलोंच्या वर गेलेले असणार. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बकलवाल्या साधनांची मर्यादा वीस किलोंच्या आसपास संपते. त्या रात्रीनंतर राणीच्या खांद्यांचे काय झाले, याची चौकशी कोणा इतिहासकाराने केल्याचे माझ्या वाचनात नाही. मी हे बोलून दाखवले तेव्हा ‘‘तुम्हाला घोडा पळवायचा नाहीये’’ एवढेच उत्तर मिळाले.

लुगड्याच्या बाजूने आणखी एक पुरावा दुर्दैवाने मीच पुरवला. अ‍ॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका १९६०च्या दशकात आफ्रिकेतल्या टोगो देशात होती. तिथल्या आया पोरांना कापडाने पाठीशी बांधून निवांत कामे करतात हे तिने पाहिले, घरी परतल्यावर स्वतःची मुलगी तशीच बांधून पाहिली, आणि मुलगी घसरू लागल्यावर आपल्या आईकडून एक झोळणा शिवून घेतला. ‘स्नगली’ नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंटही झाले. हे सर्व ऐकून ही म्हणाली, ‘‘म्हणजे लुगडंच की!’’

माझी हरकत लुगड्याच्या परंपरेला नव्हती, त्याच्या काठाला होती. धुऊन धुऊन विरलेले कापड खांद्यावर पसरून राहत नाही. ते गोळा होते, त्याची दोरी होते आणि ती दोरी मानेजवळ रुतते. बाळ बांधण्यासाठी मुद्दाम विणलेल्या लांब कापडात तिरप्या दिशेने थोडा ताण असतो, त्यामुळे ते अंगाला धरून राहते आणि तरी खाली लोंबत नाही. तसे कापड मिळते का ते पाहायला मी बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मुख्य बाजारचौकातल्या, एका दुकानात गेलो आणि साडेचार मीटर जाड सुती कापड मागितले. दुकानदाराने माझ्याकडे आपादमस्तक पाहून ‘‘अंकल, पर्दे के लिए या गद्दे के लिए?’’ असे विचारले. ‘‘नाती के लिए’’ म्हटल्यावर त्याने चंदेरी काढली, बारशाची खरेदी असावी अशा समजुतीने. चंदेरीइतके देखणे कापड आमच्या मुलखात दुसरे नाही, पण तिच्या भरवशावर नातू सोडण्याइतकी ती निसरडेपणापासून मुक्तही नाही.

दरम्यान सूनबाईंच्या मैत्रिणीकडून एक साधन उसने आले: पाच मीटर लांबीचा, होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा पट्टा. त्याचा मध्य छातीवर ठेवायचा, दोन्ही टोके पाठीवर फुली मारून खांद्यांवरून पुढे आणायची, छातीवरच्या पट्टीखालून ओवायची, पुन्हा फुली, पुन्हा मागे, आणि शेवटी गाठ. हे सर्व होईपर्यंत टोके फरशीवर लोळतात आणि घरातली धूळ, झाडूची एखादी काडी व आदल्या दिवशीचे मुरमुरे बाळाच्या आधी आत जाऊन बसतात. पहिली चाचणी नातवावर घेणे योग्य नव्हते, म्हणून मी पाच किलोंची कणकेची पिशवी आत बसवली. पिशवी उत्तम बसली. दूधवाला दारात आला तेव्हा मी तिला थोपटत होतो. त्याने दूध दिले, पिशवीकडे पाहिले आणि आवाज न करता निघून गेला.

कापड मऊ होते, नवजात बाळाला अगदी योग्य होते, यात शंका नाही. पण मूल सात-आठ किलोंचे झाले की असले कापड त्याच्या वजनाने खाली खाली उतरते. शिवाय या बांधणीत बाळाभोवती कापडाचे तीन थर येतात, आणि ग्वाल्हेरचा मे महिना पंचेचाळीस अंशांना हात लावून येतो. आत नातू, बाहेर तीन थर, मागे आजोबा. दोघांनाही एकमेकांचा घाम सारख्याच प्रमाणात मिळाला. डिसेंबरात हेच कापड मी आनंदाने मंजूर केले असते.

मग कडीचा झोळणा आला. एकेरी कापड, दोन कड्या, त्यांतून ओवलेला लांब पदर. हा प्रकार १९८१ साली हवाईत रेनर गार्नर नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलीसाठी काढला, आणि त्याच्या खांद्याचे सांधे निश्चितच माझ्यापेक्षा तरुण असणार. हवा खेळती, घालणे-काढणे क्षणाचे, बाळ कडेवर. परंतु सगळा भार एकाच खांद्यावर, आणि माझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून आखडलेला. डाव्यावर घ्यावे, तर कड्यांतला पदर ओढायला उजवाच हात लागतो. त्यातही वरचा काठ वेगळा ओढायचा, खालचा वेगळा. सगळे एकदम ओढले की बाळ घट्ट होत नाही, आजोबा होतात.

याच सुमारास आत्याबाई मुक्कामाला आल्या आणि त्यांनी विषय एकदम पायांवर नेला. ‘‘अरे, पाय फाकतील पोराचे! सरळ गुंडाळून ठेवावं.’’ या आक्षेपाचे उत्तर आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिले, आणि ते माझ्याच्याने आत्याबाईंना सांगवले नसते. गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, मांड्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापडावर टेकलेल्या, पाय बेडकाप्रमाणे दुमडलेले, हीच बाळाच्या खुब्यासाठी चांगली बैठक. पाय सरळ करून आवळणे हेच खुब्याला वाईट. पायांपेक्षा श्वासाकडे लक्ष द्या, असे त्यांनी बजावले. हनुवटी छातीवर टेकता कामा नये, खाली दोन बोटे जागा हवी, तोंड सतत दिसायला हवे, आणि मान वाकवली की टाळूचा पापा घेता येईल इतके बाळ वर हवे. खोल पिशवीच्या आकाराचे झोळणे तर नकोतच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळण्यांत गुदमरण्याच्या धोक्याबद्दल इशारा दिला होता, तो विशेषतः चार महिन्यांखालच्या बाळांविषयी. आत्याबाईंनी हे सर्व ऐकून घेतले आणि ‘‘पापा घेता यायला हवा, हे मात्र बरोबर,’’ असा अंशतः मान्य शेरा दिला.

शेवटी बकलवाले साधन मागवण्यात आले, रुंद कंबरपट्ट्याचे आणि जाळीच्या पाठीचे. त्यातली मेख मला लेखापरीक्षकाच्या भाषेत लगेच कळली: बाळाचा भार खांद्यांच्या खात्यातून काढून कमरेच्या खात्यात वर्ग करायचा. आधी कंबरपट्टा आवळायचा, मग खांदे. उलट क्रमाने केले की सगळी रक्कम पुन्हा खांद्यांवर नावे पडते. योजना निर्दोष होती. फक्त तिच्यात कमरेची जागा ठळक दाखवलेली होती आणि माझ्या बाबतीत ती जागा पोटाने पूर्वीच संपादन केलेली होती. पट्टा पोटाखाली बांधला, तर नातू इतका खाली राही की पाप्यासाठी मला साष्टांग घालावे लागे. पट्टा पोटावर बांधला, तर तो आयत्या फडताळावर बसून माझ्या चष्म्याशी बोलू लागे. चिरंजीवांनी आरशासमोर उभे करून पट्टा बोट बोट वर सरकवला, आणि बरगड्यांच्या थोड्या खाली एक अशी रेषा सापडली की तिथे नातू, पोट आणि चष्मा यांचा तह झाला.

उरले ते पाठीवरचे छोटे बक्कल. दोन्ही खांदेपट्टे घसरू नयेत म्हणून ते मागे, पाठीच्या पात्यांमध्ये, लावायचे असते. अर्ध्या विताची ती पट्टी. तिचा नर भाग एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला, आणि माझे दोन्ही हात त्यांच्यापासून चार बोटे अलीकडे. सूनबाई हे हसत हसत, बोलता बोलता लावते. मी ते आधीच लावून ठेवून, पट्टे ढिले करून, गंजिफ्रॉक घालावा तसा वरून डोके घालायला शिकलो, आणि मग काखेखालचे पट्टे ओढायचे. आधी पाहिलेल्या एका साधनाला बकलाऐवजी वेल्क्रो होता. तो मी तत्काळ नामंजूर केला. झोपलेले मूल खाली ठेवताना वेल्क्रो उघडण्याचा चर्रर्र आवाज ज्याने कल्पिला, त्याला नातवंडे नसावीत.

आता साधन एक आणि अंगे तीन. सूनबाई बँकेतून आली की आपल्या मापाने पट्टे आवळते, रविवारी चिरंजीव ढिले करतात, आणि सोमवारी माझी रेषा हरवलेली असते. म्हणून पट्ट्यांवर मी माझ्या मापाशी लाल धाग्याची खूण शिवली. चिरंजीवांनी निळी घातली, सूनबाईने पिवळी. परवा पट्टे ओढताना लालच्या अलीकडे एक हिरवी खूण सापडली, बारीक हातशिलाईची, जुन्या पद्धतीच्या धावदोऱ्याची. चौकशी सुरू आहे. लुगड्याच्या पक्षाकडून अद्याप कोणतेही निवेदन आलेले नाही.