दोन कंपन्यांची रॅम लावली की मदरबोर्ड जळतो म्हणे! नाही जळत, जुनी स्टिक काढू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आता तिसऱ्यांदा आलाय. थोडक्यात असा की लॅपटॉपमधे वेगवेगळ्या कंपनीची किंवा साइजची रॅम कधीच लावू नका, व्होल्टेज जुळत नाही, मदरबोर्ड जळतो, स्पीड अर्धा होतो, ड्युअल चॅनल (दोन स्टिकनी एकाच वेळी डेटा देणं) बंद पडतं, वॉरंटी जाते, म्हणून जुनी काढा आणि नवी जोडीच घ्या.

इथे इंदूरला लोकमान्य नगरात माझी मावसबहीण राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपमधे आठव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि ८ जीबीची एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. मावशी मेसेज वाचून घाबरली, एका दुकानदारानं पण तेच सांगितलं, आणि चांगली चालणारी स्टिक पडेल भावात देऊन ८-८ची नवी जोडी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे एका स्टिकनं काम होत असताना दोनचे पैसे. २०२५च्या शेवटापासून एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कसे चढलेत ते सगळ्यांना माहितीये, अशा वेळी हा मेसेज लोकांच्या खिशाला थेट कात्री लावतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

व्होल्टेज आणि मदरबोर्ड. लॅपटॉपची डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) स्टिक १.२ व्होल्टवर चालते, कोणत्याही कंपनीची असो, कारण ते मेमरीचे नियम ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचं स्टँडर्ड आहे. मेमरीच्या चिपा जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघीच बनवतात, बाकीचे बरेच ब्रँड त्यांच्याच चिपा घेऊन वर आपला स्टिकर लावतात, तेव्हा "कंपनी वेगळी" या गोष्टीला तसा फारसा अर्थच उरत नाही. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या स्लॉटमधे बसतच नाहीत, पिना अनुक्रमे २०४, २६० आणि २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. जबरदस्ती दाबून मोडली तर गोष्ट वेगळी.

जपायचं कुठे ते मात्र मेसेजमधे कुठेच नाही! जुना लॅपटॉप असेल तर डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच एकच, पिनाही तेवढ्याच, पण साधी १.५ व्होल्टची आणि एलवाली १.३५ची. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला एलवालीच लागते, साधी लावली तर सहसा स्क्रीन काळीच राहते. सेकंडहँड रॅम घेताना हे एक अक्षर वाचा. आणि बोर्ड खरंच खराब होऊ शकतो तो बॅटरीचा कनेक्टर न काढता आत हात घातल्यामुळे, त्यात रॅमच्या कंपनीचा काही संबंध नसतो.

स्पीड अर्धा होतो हे तर अगदी उलटं आहे. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या स्टिकचा स्पीड आणि टायमिंग लिहिलेलं असतं, बायोस (लॅपटॉप चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला दोन्हींचं वाचतं आणि दोघींना जमेल अशा स्पीडला दोघी चालवतं. बहिणीची जुनी स्टिक २४०० स्पीडची, नवी आणली ती ३२००ची दुसऱ्या कंपनीची, आता दोन्ही २४००वर चालतात, आणि तो प्रोसेसर तसाही २४००च्या पुढे जात नाही. आता हिशोब बघा. २४००ची एकटी स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा देते, दोन चॅनलवर दोन असल्या की ३८.४. समजा तुमचा लॅपटॉप ३२००चा आहे, एकटी २५.६ देतेय, आणि तुम्ही शेजारी हळू २६६६ची लावली, तरी दोघींचे मिळून साधारण ४२.६ होतात. म्हणजे हळू स्टिक लावूनही एकूण वाढलं! हे कमाल आकडे आहेत, ब्राउझर काही दुप्पट पळणार नाही, पण ज्यांचं ग्राफिक्स प्रोसेसरमधेच आहे त्यांना फरक डोळ्यांना दिसतो.

टायमिंगचं पण तसंच, सीएल (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत थांबण्याचा आकडा) २२ बघून लोक म्हणतात १७पेक्षा हळू. पण ३२००वर सीएल २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद आणि २४००वर सीएल १७ म्हणजे १४.१७. जवळपास सारखंच.

साइज वेगळी असली तरी ड्युअल चॅनल बंद पडत नाही. ४ आणि ८ लावली तर ४-४ मिळून ८ जीबी ड्युअलमधे चालते, उरलेली ४ सिंगलमधे. इंटेल याला फ्लेक्स मेमरी म्हणतं. सारख्या जोडीपेक्षा थोडं कमी, हे मान्य. पण ४ जीबीत रॅम संपल्यावर विंडोज डिस्कवर लिहायला लागतं, आणि जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास देते, त्या रखडण्यापुढे हा फरक काहीच नाही.

जोडीच घ्या हा सल्ला आला कुठून, तर डेस्कटॉपवरून. तिथे गेमिंगवाले एक्सएमपी (रॅम स्टँडर्डपेक्षा जास्त स्पीडला चालवायची सेटिंग) लावून ३६००वर, १.३५ व्होल्टवर रॅम चालवतात, आणि तिथे दोन वेगळे किट खरंच भांडतात. तिथे तो सल्ला बरोबर आहे. साधे लॅपटॉप स्टँडर्ड स्पीडलाच चालतात. तरी क्वचित एखादी जोडी जमत नाही, म्हणून बदलून देण्याची बोली करूनच घ्या, आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. एक जरी एरर आला तर स्टिक परत. बहिणीच्या लॅपटॉपला शून्य आले.

वॉरंटीचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे, वॉरंटी चालू असेल तर खोलायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करा.

सिल्व्हर मॉलला (इंदूरचं कॉम्प्युटर मार्केट) जायच्या आधी घरीच विंडोजच्या टास्क मॅनेजरमधे मेमरी उघडून स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते बघून घ्या, बऱ्याच पातळ लॅपटॉपमधे रॅम बोर्डवरच सोल्डर असते, स्लॉटच नसतो, मग फेरी फुकट. आणि नवी स्टिक लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही वेळ काळी राहू शकते, बायोस नवी मेमरी तपासत असतं, डीडीआर५ला तर जास्तच वेळ लागतो. तेव्हा जळलं म्हणून घाबरून बटण दाबू नका, दोन-तीन मिनिटं थांबा.