साखर बंद झाली, घड्याळाचे काय?

मार्चमधल्या तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ टक्के आले आणि घरात सर्वप्रथम चहातली साखर बंद झाली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा मानला जातो आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार १३.६ कोटी भारतीय याच उंबरठ्यावर उभे आहेत. डॉक्टरांनी गोड, भात आणि वजन यांविषयी विचारले. मी रात्री किती वाजता जेवतो आणि किती तास झोपतो, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.

सांगण्यासारखे मात्र बरेच होते. फोर्टहून निघून डोंबिवलीला पोचेपर्यंत साडेनऊ, ताट वाढेपर्यंत सव्वादहा, मग मोबाइल, झोप साडेबाराला आणि गजर साडेपाचचा. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा तेवढ्यानेच त्यांच्या रक्तातली साखर निवळण्याचा वेग लक्षणीय मंदावला. प्रयोग लहान होता हे खरे. पण त्यांचे जागरण सहा रात्रींचे होते, माझे अकरा वर्षांचे आहे. झोप अपुरी पडली की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, शिवाय भूक वाढते, आणि ती काकडीची नसते, फरसाणाची असते.

जेवणाच्या वेळेचेही तसेच आहे. रात्र चढू लागली की मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढते आणि स्वादुपिंड इन्शुलिन सोडण्यात हात आखडता घेते, त्यामुळे दुपारी एक वाजता सहज पचणारा तोच वरणभात रात्री साडेदहाला रक्तातली साखर अधिक चढवतो आणि ती खाली यायलाही अधिक वेळ लागतो. आमच्या कचेरीतले एक जैन सहकारी सूर्यास्तापूर्वी डबा संपवतात, याची मी वर्षानुवर्षे थट्टा करत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

‘तू तर बारीक आहेस’ हा दिलासाही फारसा खरा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या तुलनेत दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली; म्हणजे मधुमेहाला वाट करून देणारी चरबी बारीक दिसणाऱ्या अंगातही दडलेली असू शकते.

‘लवकर जेवा, लवकर झोपा’ असे सांगणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे, कारण संध्याकाळी सात वाजता बैठक लावणारे वरिष्ठ आणि सुटलेली लोकल हे माझ्या मनोनिग्रहाचे प्रश्न नाहीत. मी एवढेच केले की दुसरा डबा नेऊ लागलो; सातला, बैठक असली तरी, पोळीभाजी उरकतो, घरी फक्त ताक घेतो आणि अकराला दिवा मालवतो. आईला हे मुळीच पटलेले नाही, कारण सगळ्यांनी एकत्र बसण्याचे दिवसातले ते एकच जेवण होते. मी आता ताकाचा पेला घेऊन तिच्या ताटासमोर बसतो. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.