रेड रम समुद्रात चालला म्हणून तुमच्या घोडीला पाण्यात उभी करू नका

"इंग्लंडचा लंगडा गावठी घोडा. डॉक्टरांनी हात टेकले. समुद्राच्या पाण्यात उभा केला, पाय कायमचा बरा! मग जगातली सगळ्यात अवघड रेस सलग पाच वर्षं जिंकला. आपल्याकडे समुद्र फुकट आहे, औषधावर पैसे का घालवता?" रेड रम नावाच्या रेसच्या घोड्याबद्दलचा हा मेसेज अलिबाग-मुरूडकडच्या घोडागाडीवाल्यांमध्ये फिरतोय. फिरू दे म्हणून सोडला असता, पण माझ्या काकाने तो खरा धरला आणि लंगडणाऱ्या घोडीला रोज संध्याकाळी पाण्यात उभी करायला लागला, डॉक्टरला साधा फोन नाही.

अरे पण ती कशामुळे लंगडते ते तरी बघाल? नाल मारताना खिळा आत जिवंत भागात लागलेला. टाप हाताला गरम लागत होती, पाय नीट टेकत नव्हती, नुसतं पुढचं टोक जमिनीला लावून उभी. खुरात पू धरला की त्याला बाहेर यायला वाट नसते म्हणून तो ठणका. डॉक्टर नाल काढतो, खूर तासून पू मोकळा करतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, आणि धनुर्वात घोड्याला फार पटकन धरतो बरं का, त्यातून जनावर वाचणं कठीण. समुद्रात उभं करून काय मिळणार, तर खूर भिजून मऊ आणि भोकात रेती.

आता रेड रम. समुद्राचा भाग अगदीच खोटा नाही, मान्य करतो. त्याला टापेतल्या हाडाची सूज होती, पेडल ऑस्टिआयटिस म्हणतात, आणि ट्रेनर जिंजर मकेन त्याला इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या बीचवर पळवायचा, पाण्यातून न्यायचा, त्याने फरक पडला असं स्वतः सांगायचा. पण हाडाची सूज वेगळी, खिळ्याचा पू वेगळा. आणि तिकडचं पाणी गारठवणारं, सुजेला गार पाण्याने आराम पडतो हे कुणीही सांगेल. आपलं एप्रिलमधलं पाणी म्हणजे अंघोळीला काढल्यासारखं.

आणि "कायमचा बरा"? १९७८ मध्ये हाच घोडा, हाच बीच, हाच ट्रेनर, पुन्हा ग्रँड नॅशनलला, म्हणजे मेसेजमधल्या त्याच अवघड रेसला, उतरणार होता. आदल्या दिवशी पायाच्या हाडाला बारीक तडा निघाला, रेस गेली, करिअर संपलं. मकेनने तेव्हा काय केलं, तर त्याला रिटायर केला, लाटांत नाही उभा केला. मेसेजवाल्याने नेमकं हेच गाळलंय.

सलग पाच वर्षं वगैरे काही नाही. ग्रँड नॅशनलच्या विजेत्यांची यादी उघडून बघा, १९७३, १९७४ आणि १९७७, तीन वेळा. मधली दोन वर्षं दुसरा. सात किलोमीटरच्या वर पळायचं, तीस उड्या मारायच्या, आणि तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा वय बारा, हे कमी आहे का की वर फोडणी घालायची?

गावठी तर मुळीच नाही. आयर्लंडमध्ये १९६५ ला जन्मलेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या खास जातीचा, १९७२ ला मकेनने ६,००० गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजून लिलावात घेतलेला. ज्याला फुकटचा इलाज म्हणून हा घोडा दाखवायचाय त्याने आधी ती किंमत सांगावी, मग समुद्र.