एसीचा लुकलुकता दिवा आणि ‘चार वायरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एसीच्या बटणावरचा दिवा लुकलुकत होता, तरी काँप्रेसर चांगला निघाला, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “दिवा लुकलुकला म्हणजे काँप्रेसर जॅम, हे मॅन्युअलमध्येच आहे. चार वायरी जोडता आल्या म्हणून कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन होत नाही. गॅसचं प्रेशर न बघता, स्कॅनर न लावता लोकांना सल्ले देऊ नका. फ्यूजसुद्धा चुकीचा लिहिलाय.”

फ्यूजचं बरोबर आहे. गाडीत दहाचा आहे, मी साडेसातचा लिहिला. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘चार वायरी’बद्दल बोलायलाच हवं. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, माणसाची लायकी काढायची काय गरज होती? माझ्या वडिलांचं अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आलो की दप्तर ठेवून मी जळालेल्या पंपांची तार उकलायला बसायचो. वार्निशचा वास रात्री जेवतानाही हाताला यायचा. वडील एकाच मोटरीचा रोध थंड असताना मोजायला लावायचे, आणि तासभर चालवून बंद केल्या केल्या पुन्हा. दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहायचे. आकडा का वाढला, ते मी सांगेपर्यंत चहा नाही.

हे सांगतोय कारण माझ्या गाडीतला दोष नेमका तिथेच होता. सकाळी एसी उत्तम, दुपारी दोनला दिवा लुकलुकायला लागायचा. तापल्यावर तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. एसीचा क्लच म्हणजे काँप्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारी, विजेच्या चुंबकाने ओढली जाणारी प्लेट. त्या चुंबकाची कॉइल थंड असताना ३.६ ओहम होती. अकोल्याच्या मे महिन्यात, बॉनेटखाली, ती साठ अंशांनी जास्त तापली तर सव्वाचारच्या पुढे जाते. करंट घटतो, क्लचची पकड सैल होते. त्यात आधीच व्होल्ट कमी मिळत असतील तर क्लच घसरणारच.

आणि व्होल्ट कमी मिळत होते. क्लचचा कनेक्टर काढून मोजलं तर पूर्ण बारा. जोडून, क्लच चालू असताना, मागून पिनेला मीटर लावलं तर साडेनऊ, आणि तेही इंजिन चालू असताना! कुणीतरी पूर्वी काळी टेप गुंडाळलेला एक जोड होता. बोट लावलं तर चांगलाच गरम. टेप सोलली, आत तारेवर हिरवा कळंक, नखाने खरवडला तर पूड पडली. तेवढा जोड कापून नवा केला, पिना बदलल्या. त्यानंतर तेरापेक्षा जास्त व्होल्ट.

आता मॅन्युअलचं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हा प्रश्न पडला नसता. अशा गाड्यांत काँप्रेसरवर फेऱ्या मोजणारा सेन्सर असतो. इंजिनच्या मानाने फेऱ्या फारच कमी पडल्या की काँप्रेसर अडकला असं धरून गाडीचा कॉम्प्युटर क्लचचा करंट तोडतो आणि दिवा लुकलुकवतो. बेल्ट घसरला तरी फेऱ्या कमी, क्लच घसरला तरी कमी, काँप्रेसर खरंच जॅम झाला तरी कमी. दिव्याला यातला फरक कळत नाही. गॅरेजवाल्यानेही तुमच्यासारखंच ‘मॅन्युअल’ म्हणून मला काँप्रेसर बदलायला सांगितला होता. बेल्ट सैल करून मी क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवली, ती सहज फिरली. जॅम काँप्रेसर असा फिरत नाही, साहेब.

गॅसचं म्हणाल, तर गॅस त्याआधी दोनदा भरून झाला होता, त्यावर मी अजून वेळ घालवणार नाही. स्कॅनर ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर लावावा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तशीच राहू दे. तुमच्याकडे असा दिवा लुकलुकणारी गाडी आली की काँप्रेसर उतरवण्याआधी क्लच जोडलेला असताना पिनेवर किती व्होल्ट मिळतात ते मोजा आणि तो आकडा इथे लिहा. दुपारी मोजा, गाडी तापलेली असताना.